मूठ कुणाकडे

परवा सुनेने सहा सुऱ्यांचा संच आणला. लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या, एकीपेक्षा एक लांब. त्यातली मधली काढून माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "आई, कशी आहे?" मी ती उचलली, खिडकीच्या उजेडात धार पाहिली, अंगठ्याच्या नखावर टेकवली आणि काही न बोलता ओट्यावर ठेवून दिली. पातं तिच्याकडे, मूठ माझ्याकडे. ती बिचारी बघतच राहिली. "अहो, अशी काय उलटी ठेवलीत?" मी म्हटलं, "झाला निकाल." तिला काही कळलं नाही, आणि मला सगळं पहिल्यापासून सांगत बसायचा कंटाळा आला. इथे सांगते, कारण लिहिताना समोरचं माणूस मध्येच उठून कुकर बंद करायला जात नाही.

ही निकाल द्यायची पद्धत माझी नव्हे, वसईतल्या सांडोर गावच्या बस्त्यावकाकांची. आणीबाणी उठली त्या वर्षी आम्ही वसईला आलो. मी मूळची साताऱ्याची. वसईच्या एका शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली आणि बस्त्यावकाकांच्या घरालगतच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. चारी बाजूंनी केळी, मधून पाण्याचे पाट, आमच्या आणि त्यांच्या अंगणांच्या मध्ये कमरेएवढा एक दगडी गडगा. घाटावरून आलेल्या मला एवढं हिरवं बघून पहिले आठ दिवस डोळे निवल्यासारखे वाटले आणि नवव्या दिवसापासून डास चावायला लागले.

त्याच महिन्यात दारावर एक सुरीवाला आला. सुरी अशी चकचकीत की तिच्यात टिकली नीट करून घ्यावी. पात्यावर मोराची नक्षी. त्याने ती कागदावर चालवली, मग काथ्याच्या दोरीवर चालवली, मग "ताई, तुम्हीच बघा" म्हणून माझ्यापुढे केली. मी भाळले. एम. ए. झालेली बाई मोरावर भाळली. सुरी घेतली आणि कौतुकाने गडग्यापाशी गेले. पलीकडे काका पानवेलीला पाणी घालत होते. म्हटलं, "काका, बघा तरी कशी आहे."

मी सुरी गडग्यावर ठेवली. त्यांनी हात चड्डीला पुसले, सुरी उचलली, उजेडाकडे धरून एक डोळा मिटला. अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवली. पात्यावर टिचकी मारून कान लावला. मग ती गडग्यावर परत ठेवली, पात्याचं टोक सरळ माझ्या पोटाकडे करून. मला राग आला. आमच्याकडे पाहुण्याकडे टोक करून सुरी ठेवली तर आई पाठीत धपाटा घालायची. मनात म्हटलं, काय माणूस आहे, रीतभात म्हणून नाही.

"काय झालं काका? चांगली नाही का?"

"बाई, आज काही बोलत नाही. चौथ्या दिवशी मी टोमॅटो घेऊन येतो."

आणि आले की खरंच! चौथ्या दिवशी संध्याकाळी, हातात एक पिकलेला टोमॅटो. म्हणाले, "कापावा." मी मोराची सुरी चालवली. टोमॅटो कापला गेला नाही, खाली बसला. बिया उडाल्या त्या त्यांच्या बनियनवर. त्यांनी त्या शांतपणे टिपल्या आणि म्हणाले, "पहिल्या दिवशी सगळ्याच कापतात, बाई." मी तुम्हाला सांगितलं होतं, असं एका शब्दाने म्हणाले नाहीत. त्याने मी जास्तच चिडले.

काका तेव्हा पंचावन्नच्या पुढचे असतील. उंच, काटक, खाकी अर्धी चड्डी आणि भोकाभोकांचा बनियन. रविवारी चर्चला जाताना मात्र कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. घरात ते आपल्या बोलीत बोलायचे, ती मला पहिली दोन वर्षं अर्धीच कळली. माझ्याशी मात्र क्रमिक पुस्तकातल्या धड्यासारखं बोलायचे. समोरची बाई मराठी शिकवते, याची शिक्षा ते स्वतःला करून घेत होते. उजव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं, जाड, पिवळं, आणि त्यावर बारीक बारीक रेघा. गावातली प्रत्येक सुरी त्या नखावरून जाऊन आली होती.

ही विद्या त्यांना कुठून मिळाली? गावात सांगायचे की बस्त्यावने जग पाहिलंय. खरी गोष्ट अशी की तरुणपणी ते चार वर्षं आगबोटीवर होते, तिथल्या भटारखान्यात. मी एकदा हौसेने विचारलं, "काका, कुठकुठले देश पाहिलेत?" म्हणाले, "बाई, मी बटाटे पाहिले. देश वरच्या मजल्यावरून दिसायचे." चार वर्षं बटाटे सोलताना हातात जी सुरी येईल तिच्याशी संसार करायचा. त्यात शिकलो म्हणाले.

त्या चार वर्षांबद्दल आणखी एकच गोष्ट त्यांनी मला सांगितली, तीही एकदाच. गेले तेव्हा त्यांची रेजिना पाळण्यात होती. परत आले तेव्हा ती आईच्या लुगड्यामागे लपली आणि तिने आईला विचारलं, "हा माणूस जाणार कधी?" हे सांगताना काका हसले होते. मी हसले नाही. त्यानंतर त्यांनी आगबोटीचं नाव काढलं नाही आणि केळी लावली.

तर सुरी. माझी समजूत अशी की पारख म्हणजे भारी वस्तू ओळखणं. काकांना भारी सुरीत काडीचा रस नव्हता. "भारी सुरी चांगली असली तर त्यात नवल काय?" त्यांचा जीव स्वस्त सुरीत. त्यांच्या मते स्वस्त सुरी दोन जातींची असते, गरीब आणि लबाड. गरीब सुरीचं पातं पातळ, मूठ साध्या लाकडाची. केळीचा चीक लागला की ती काळी पडते, पण कपाच्या बुडावर चारदा फिरवली की पुन्हा कामाला उभी राहते. लबाड सुरी आरशासारखी असते. ती काळी पडत नाही, गंजत नाही आणि कापतही नाही. "धार काय, ती देता येते, बाई. घेणारी पाहिजे." हे वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं वर्गातल्या मागच्या बाकाकडे बघून मनातल्या मनात म्हटलं.

परीक्षेचे पेपर ठरलेले होते. उजेडात धरल्यावर धारेवर पांढरी रेघ चमकली तर ती धार नव्हे. नखावर टेकवल्यावर सुरी अडली पाहिजे, घसरता कामा नये. पातं मुठीत शेवटपर्यंत गेलंय की टाचणीएवढं आत खोचून बाहेरून दोन खिळे ठोकलेत, ते बघायचं. हे सगळं दुकानात. आणि खरा पेपर घरी, चौथ्या दिवशी, टोमॅटोचा.

सुरी एकमेकांच्या हातात द्यायची नाही, भांडण लागतं, हे साताऱ्याला मानतात तसं सांडोरलाही मानतात. देवळात जाणारे आणि चर्चमध्ये जाणारे, दोघांचं या एका बाबतीत एकमत. सुरी खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. काकांनी या ठेवण्याचंच कोर्ट केलं होतं. दुकानदाराच्या तोंडावर त्याचा माल वाईट म्हणायचा नाही, त्यालाही घरदार आहे. आणि गिऱ्हाइकालाही फसू द्यायचं नाही. मग काय करायचं? सुरी तपासायची आणि फळीवर ठेवायची. मूठ गिऱ्हाइकाकडे केली की घ्या. पातं गिऱ्हाइकाकडे केलं की चला पुढे. शब्द एक नाही. मोराची सुरी माझ्या पोटाकडे टोक करून का ठेवली होती, ते मला असं दोन महिन्यांनी कळलं.

पापडीच्या आठवडी बाजाराला बायका काकांना पाळीपाळीने घेऊन जायच्या. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनाही कुणी इतक्या आदराने कुठे नेत नसे. तिथला भांडीवाला काकांना बघितलं की हसायचा, पण हळूच पुढच्या सुऱ्या मागे सरकवायचा. वर्षा-दोन वर्षांत त्याच्या लक्षात आली ही मुठीची भानगड. एकदा काकांनी सुरी ठेवली, पातं गिऱ्हाइकाकडे, आणि कुणी हाक मारली म्हणून मान वळवली. पठ्ठ्याने तेवढ्यात सुरी फिरवून मूठ पुढे केली. गिऱ्हाईक होती पाचूबंदरची गंगीबाय, मासे विकणारी. तिने मूठ बघितली आणि सुरी घेतली.

पाचव्या दिवशी ती डोक्यावर टोपली घेऊन काकांच्या अंगणात उभी. आवाज असा की केळीची पानं हलावीत. "ए बस्त्याव! या सुरीनं पानी पन कापत नाय! तुजी पारख कुटं गेली रं?"

काकांनी सुरी बघितली आणि काय झालं असेल ते त्यांना तिथल्या तिथे कळलं. मला वाटलं आता बाजारात जाऊन भांडीवाल्याची खरडपट्टी काढतील. छे! त्यांनी गंगीबायची मासे कापायची विळी मागून घेतली आणि पुढे वर्षभर दर आठवड्याला तिला धार लावून दिली. मी म्हटलं, "काका, चूक तुमची कुठे होती?" तर म्हणाले, "माझ्या ठेवण्यावर घेतली ना तिने." भांडीवाल्याला त्यांनी चकार शब्द विचारला नाही. फक्त तेव्हापासून सुरी ठेवली की गिऱ्हाइकाची मान हलेपर्यंत तिच्यावर बोट दाबून धरायचे.

आता यातली गंमत अशी की काकांच्या घरात सुरी नव्हती. मोनिकामावशी, म्हणजे काकांची बायको, जन्मभर विळीवर बसून सगळं चिरणारी. कांदे, केळफूल, सणाचं डुकराचं मटण, सगळं विळीवर. "या माणसाला सुरीतलं सगळं कळतं आणि भाजीतलं काही कळत नाही," असं ती मला गडग्यावरून सांगायची. इतक्या वर्षांत काकांनी शेकडो सुऱ्या लोकांना घ्यायला लावल्या असतील, स्वतः एकही विकत घेतली नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रेजिनाला बघायला विल्सन आला तेव्हा मी पोहे द्यायला तिथेच होते. विरारकडचा मुलगा, गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात फिटर. पायात आरशासारखे बूट, डोळ्यांवर गॉगल, तो घरात आल्यावरही उतरला नाही. बोलायला असा गोड की पोह्यांत साखर कमी आहे हे माझ्याही लक्षात आलं नाही. आखातातल्या चुलतभावाने पाठवलेला एक घडीचा चाकू त्याने काकांपुढे ठेवला, मूठ बरोबर काकांकडे करून. कुणीतरी पढवून पाठवलं असणार! काका विरघळले. अर्ध्या तासात होकार. मावशी आत येऊन मला म्हणाली, "बघितलंस? सुरीला चार दिवस आणि जावयाला चार वाक्यं."

विल्सन वाईट मुलगा नव्हता, हेही सांगायला हवं. रेजिनावर त्याचा जीव होता. पण त्याला सगळं लवकर हवं असायचं. चार-पाच वर्षांनी त्याने नोकरी सोडली आणि सातिवलीला एक शेड घेतली. त्यात रेजिनाचं अंगावरचं सोनं गेलं, त्याच्या बापाची शेताची पट्टी गेली. पत्रा कापायचं एक यंत्र, एक घासायचं चाक, दोन कामगार. आणि काय बनवायचं ठरवलं? सुऱ्या! सासरे सुऱ्यांचे जज्ज, मग जाहिरातीची चिंता कशाला. पात्यावर नाव कोरलं, "रेजिना." पहिली सुरी घेऊन तो आला तेव्हा रेजिनाच्या कडेवर दहा महिन्यांचा मुलगा होता आणि तिचं तोंड अभिमानाने फुललेलं होतं. गावच्या चर्चचा सण पाच दिवसांवर होता. सणाच्या बाजारात टेबल मांडायचं, पपांनी सगळ्यांसमोर सुरी बघायची आणि मूठ लोकांकडे करून ठेवायची, असा बेत.

काकांनी सुरी ठेवून घेतली. मी गडग्यावरून रोज बघत होते, खोटं कशाला बोलू. पहिल्या दिवशी ती झकास चालली. दुसऱ्या दिवशी काकांनी ती दोनदा नखावर टेकवून पाहिली. तिसऱ्या दिवशी विहिरीपाशी दगड घेऊन बसले. चौथ्या दिवशी मीच घरातला पिकलेला टोमॅटो घेऊन गेले. त्यांनी तो कापायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"बाई, हे पोलाद नाही, पत्रा आहे. सकाळी धार दिली की संध्याकाळी गेली."

"मग सांगा ना जावयाला."

"सांगितलं. म्हणतो, सगळा माल कापून झाला, पपा. आता हा विकला गेला तर पुढे चांगलं पोलाद आणीन. नाही गेला तर शेड बंद. चुलतभावाने व्हिसा तयार ठेवला आहे."

व्हिसा म्हणजे आखात. एकदा गेला की चार-पाच वर्षं. काकांनी ते शेवटचं वाक्य अगदी सपाट आवाजात म्हटलं आणि दगडावर पाणी शिंपडलं. मला रेजिनाच्या कडेवरचं पोर दिसलं.

त्याच दुपारी रेजिना आली. मी माझ्या पडवीत वह्या तपासत होते, सगळं ऐकू येत होतं.

"पपा, उद्या मूठ लोकांकडे करा. एकदाच."

"रेजी, लोक घेतील गं."

"घेऊ देत ना! बोथट सुरीने कुणी मरत नाही, पपा. पण हा तिकडे गेला तर मी काय करू? बाबूने मला विचारायचं का, हा माणूस जाणार कधी म्हणून?"

तिला ती गोष्ट ठाऊक होती तर. ती डोळे पुसून निघून गेली. मी एकाच मुलाच्या वहीवर तीनदा "छान" लिहून ठेवलं होतं.

सणाच्या दिवशी मिस्सेची प्रार्थना आटोपली, बँड वाजला आणि चर्चच्या पटांगणात बाजार फुलला. विल्सनच्या टेबलावर पांढरी चादर, वर पंख्यासारख्या मांडलेल्या सुऱ्या, उन्हात अशा झळाळत होत्या की डोळे मिटावेत. लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या, शाळेतले शिक्षक, वाडीवाले, पाचूबंदरहून गंगीबायसुद्धा. सगळे गोल करून उभे. मुठीची रीत सगळ्यांना पाठ. टेबलाच्या एका कोपऱ्याला रेजिना, कडेवर बाबू.

काका इस्त्रीच्या शर्टात आले. सुरी उचलली, उजेडात धरली. नखावर टेकवली. टिचकी मारली. खरं तर त्यांना काय बघायचं राहिलं होतं? निकाल आदल्या दिवशीच लागला होता. पण ते बघत राहिले, पात्यावरचं नाव वाचत असल्यासारखे. मग त्यांनी सुरी चादरीवर ठेवली.

पातं लोकांकडे होतं, मूठ त्यांच्याकडे.

विल्सनचा चेहरा पांढराफटक पडला. रेजिना रडली नाही, बापाकडे नुसती बघत राहिली. मला वाटलं, शाबास बस्त्यावकाका. आणि त्याच क्षणाला असंही वाटलं की या माणसाला चार थोबाडीत द्याव्यात. दोन्ही खरंच वाटलं.

काकांचं बोट सुरीवर तसंच दाबलेलं. मग त्यांनी रेजिनाकडे पाहिलं. काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी ती सुरी मुठीने उचलली, पाकीट काढलं, जावई नको नको म्हणत असताना पैसे चादरीवर ठेवले आणि सुरी रुमालात गुंडाळून खिशात घातली. लेकीचं नाव असलेली वस्तू त्या चादरीवर तशी उघड्यावर टाकून जाववेना त्यांना, बाकी काही नाही.

पण लोकांनी काय पाहिलं? ज्या माणसाने जन्मात सुरी विकत घेतली नाही, त्याने ही घेतली! पातं कुणीकडे होतं ते सगळे विसरले. "अगं, बस्त्यावने स्वतःसाठी घेतली!" असं कुणीतरी ओरडलं आणि झुंबड उडाली. म्हाताऱ्यांनी दोन-दोन घेतल्या. फादरांनी आपल्या स्वयंपाक्याला पाठवून घेतल्या. गंगीबायने तर तीन घेतल्या, म्हणाली, सुनांना देईन. काकांनी हात वर केला, तोंड उघडलं. मी समोरच होते, मला दिसलं. आणि मग त्यांनी ते मिटलं. तासाभरात चादर रिकामी झाली. विल्सन काकांच्या गळ्यात पडला. रेजिना हसत होती आणि रडत होती. काका लाकडासारखे उभे होते.

त्यानंतरच्या चौथ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर काकांच्या अंगणात चपलांचा ढीग. भांडायला कुणीच आलं नव्हतं. जी ती येऊन खालच्या आवाजात म्हणत होती, "काका, जरा बघता का? आमचीच तेवढी बिघडलेली निघाली." काकांनी स्वतः घेतलेली सुरी वाईट असेल, हे एकीच्याही मनात आलं नाही. प्रत्येकीला वाटत होतं की आपलंच नशीब फुटकं.

काकांनी प्रत्येकीची सुरी घेतली, दगडावर घासली, धार दिली आणि सांगितलं, "शनिवारी परत आणा." शनिवारी त्या परत आल्या. पुढच्या शनिवारीही आल्या. दगडाला मधोमध खळगा पडला, काकांनी दुसरा आणला. अख्ख्या गावाच्या स्वयंपाकघरातली धार त्या एका माणसाच्या खांद्यावर चालली होती आणि गाव म्हणत होतं, रेजिनाच्या सुऱ्या काय टिकतात नाही!

एका शनिवारी मला राहवलं नाही. गडग्यावरून म्हटलं, "काका, त्या दिवशी तोंड का नाही उघडलंत? एक शब्द बोलला असतात तर हा उपद्व्याप टळला असता."

"उघडलं होतं, बाई. रेजिना दिसली." दोन हात घासून झाल्यावर मान वर न करता म्हणाले, "आणि आपण का घेतलीत? आपल्याला तर ठाऊक होतं."

घेतली होती मी. गर्दीत हात घालून घेतली होती, आणि ती कणभरही कापत नव्हती.

"मलाही दिसली," मी म्हटलं.

विल्सन आखातात गेला नाही. पुढच्या खेपेला काका त्याच्या शेडवर गेले, उरलेल्या पत्र्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "ज्याला धार लागत नाही असं काहीतरी बनव." त्याने उलथणी केली, मग झारे, मग डाव. बघता बघता एका शेडच्या दोन झाल्या. वसईत त्या काळात ज्या घरात गेलात तिथे डोसा रेजिनाच्या उलथण्यानेच उलटत होता. विल्सन मात्र शेवटपर्यंत सांगत राहिला की खरा जम बसला तो सुऱ्यांनी. बाबू शाळेत माझ्याच वर्गात आला. घरी बाप रोज दिसणाऱ्या मुलाचं असतं तसं बेफिकीर पोर, मागच्या बाकावरचं.

त्या सणानंतर सात-आठ वर्षांनी ह्यांची पुण्याला बदली झाली. सामान बांधून झालं, ट्रक रस्त्यावर उभा. शनिवार होता. मी निरोप घ्यायला गडग्यापाशी गेले. काका थकले होते, डोळ्यांना कमी दिसायचं, तरी पुढ्यात टोपलीभर सुऱ्या आणि दगड. अंगठ्याचं ते नख झिजून अर्धं झालं होतं. मी माझी ती "रेजिना" सुरी आणली होती, गडग्यावर ठेवली. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. काकांनी कसलीही घाई केली नाही. पाणी शिंपडलं, एक बाजू घासली, दुसरी घासली, नखावर टेकवून पाहिली. पुण्याला हिला दर आठवड्याला धार कोण देणार, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

त्यांनी सुरी पुसली आणि गडग्यावर ठेवली. पातं माझ्याकडे, मूठ त्यांच्याकडे. वर बोट दाबून धरलं आणि माझी मान हलायची वाट बघत बसले.

मी मान हलवली. त्यांनी बोट उचललं. मग मी गडग्याला वळसा घालून त्यांच्या अंगणात गेले, त्यांच्या बाजूने मूठ धरली आणि सुरी उचलून घेतली.